तोंडी हुकूम, लेखी मेमो

दरवर्षी १२ मे उजाडला की सरकारी इस्पितळांतून एक सोहळा पार पडतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटवून शपथ म्हटली जाते, अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक परिचारिकांच्या त्यागावर चार शब्द बोलतात आणि गुलाबाचे एकेक फूल वाटले जाते. अलीकडे यात एका नव्या विधीची भर पडली आहे. बाहेरून मानधन देऊन आणलेला एखादा व्याख्याता डॉक्टर व परिचारिका यांना एका सभागृहात बसवून ‘सुसंवाद’ शिकवतो. एकमेकांशी हसून बोला, ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे समजा, म्हणजे अपघात विभागातील तणाव नाहीसा होईल, असे त्याचे सांगणे असते.

हे सांगणे निरुपद्रवी वाटते; वस्तुतः ते तसे नाही. अपघात विभागात डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात जे घडते ते स्वभावाच्या गोडव्या-कडवटपणातून घडत नाही. हुकूम कोणी द्यायचा, तो कागदावर कोणी उतरवायचा आणि काही विपरीत घडल्यास जाब कोणाला विचारायचा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून ते घडते. ही उत्तरे जोवर आहेत तशी आहेत तोवर कुटुंबाची उपमा शोषणावर पांघरूण घालण्यापलीकडे काही करणार नाही. आणि कुटुंबाचेच म्हणाल तर इस्पितळात ते आधीपासून नांदतेच आहे. परिचारिका ‘सिस्टर’, परिचर ‘मामा’, आया ‘मावशी’. नात्याबाहेर राहतो तो एकटा डॉक्टर. तो ‘सर’ किंवा ‘साहेब’. ज्यांना नात्याने हाक मारली जाते त्यांना नाव नसते आणि ज्याला नाव व पदवी असते त्याला नात्याची गरज पडत नाही. आपल्या घरांतूनही आत्या-मावशांच्या वाट्याला काम येते आणि निर्णय दुसऱ्याच्या, हे वाचकांना निराळे सांगायला नको.

गेल्या पावसाळ्यातील एका रात्रीची हकिगत सांगतो. शेतमजुरांच्या संघटनेतील आमच्या एका साथीला भाताच्या खाचरात घोणस चावली. जीपमधून त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात नेईपर्यंत रात्रीचा दीड वाजला. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलेले. अपघात विभागात एक वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका, तीन महिन्यांपूर्वी इंटर्न म्हणून रुजू झालेला एक मुलगा आणि एक मामा, एवढेच मनुष्यबळ होते. त्याच सुमारास टेंपो उलटून जखमी झालेले चौघे येऊन पडले होते. डॉक्टर त्यांच्यात गुंतलेले. परिचारिकेने कोणाची वाट न पाहता आमच्या साथीचे रक्त काचेच्या नळीत काढून ठेवले आणि घड्याळ लावले. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले; ते गोठत नव्हते. तिने दारातूनच डॉक्टरांना हे सांगितले. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले, “सिस्टर, दहा व्हायल लावा.” तिने सर्पदंशाची लस सलाईनमधून सुरू केली.

पंधरा मिनिटे झाली नसतील. साथीच्या अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, श्वास अडकू लागला. सर्पदंशाच्या लशीची अशी प्रतिक्रिया येऊ शकते हे या खात्यातील प्रत्येकाला ठाऊक असते आणि त्यावर पहिला उपाय मांडीत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच असतो, हेही ठाऊक असते. तिने सलाईन थांबवले, इंजेक्शन भरले आणि इंटर्नला म्हणाली, “डॉक्टर, हो म्हणा.” त्या पोराच्या तोंडून शब्द फुटेना. मामाला पळवले, तो परत येऊन म्हणाला, साहेबांचे हात अडकलेत, टाका घालताहेत. रक्तदाब लागत नव्हता. तिने इंजेक्शन दिले.

आमचा साथी जगला. थोड्या वेळाने डॉक्टर आले, त्यांनी सगळे पाहिले, “बरं केलंत” म्हणाले आणि सलाईन हळू गतीने पुन्हा सुरू करायला सांगितले. सकाळी त्यांनी केसपेपरवर सर्पदंशाच्या लशीचा आदेश लिहून सही केली. पाचव्या दिवशी परिचारिकेच्या हातात मेमो पडला: वैद्यकीय अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाविना औषध दिल्याबद्दल खुलासा करावा. (रात्रभर मीही तिला ‘सिस्टर’ म्हणत होतो. तिचे नाव मला कळले ते या मेमोवरून, हे नमूद करायला हवे.)

आम्ही चिडून त्या डॉक्टरांना गाठले. मनात त्यांची जी प्रतिमा होती ती मात्र टिकली नाही. तिशीच्या आतला, डोळे तांबारलेला माणूस. त्या रात्री तो सलग तीस तास कामावर होता. म्हणाला, “मी तक्रार केली नाही. औषधांचा हिशेब तपासताना वरून विचारलं, तुमचा आदेश होता का? नव्हता. मी खोटं कसं लिहू? आणि होता असं लिहिलं असतं आणि पेशंटचं काही झालं असतं, तर?” त्याच्या म्हणण्यात खोटे काही नव्हते. प्रश्नाचे मर्म तेथेच आहे.

त्या रात्री दोन औषधे दिली गेली आणि देताना दोन्हींचा आदेश कागदावर नव्हता. एक डॉक्टरच्या तोंडच्या शब्दावर दिले गेले. त्याला सकाळी सही मिळाली आणि ते नियमित झाले. दुसरे परिचारिकेच्या ज्ञानावर दिले गेले; त्याला मेमो मिळाला. नियम लेखी आदेशाचा आहे असे प्रशासन म्हणते. तसे असते तर मेमो दोन निघाले असते. प्रत्यक्षात नियम असा आहे की तोंडी हुकूम चालतो. परंतु तोंड कोणाचे आहे ते पाहिले जाते.

ही व्यवस्था एखाद्या खडूस अधिकाऱ्याची लहर आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ वाचावे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षे होती आणि ती सर्वांना सारखी होती. नव्या संहितेने ती पाच वर्षे केली. मात्र वैद्यकीय उपचार करताना हे घडल्यास नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांवरच ठेवली. हा व्यावसायिक म्हणजे कोण, याची व्याख्याही कलमातच आहे: ज्याचे नाव वैद्यक नोंदपुस्तकात आहे तो. परिचारिकेचे नाव निराळ्या पुस्तकात असते. तेव्हा एकाच खाटेशेजारी, एकाच रुग्णाच्या बाबतीत, एकाच चुकीसाठी डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत आणि परिचारिकेला पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अशी तरतूद स्वतंत्र भारताच्या संसदेने केली आहे. डॉक्टरांना दिलेल्या सवलतीबद्दल आमची असूया नाही. थकलेल्या माणसाच्या चुकीला तुरुंग हे उत्तर नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात, डॉक्टरांना ऊठसूट अटक करू नये असे बजावताना, एका अर्थी मान्यच केले होते. पण हा विवेक पुढाऱ्यांना व विधिज्ञांना डॉक्टरच्या बाबतीत सुचावा आणि परिचारिकेच्या बाबतीत सुचू नये, यामागे जे आहे त्याला सुसंवादाचा अभाव म्हणत नाहीत.

आज्ञाधारकपणा हा परिचारिकेचा धर्म मानण्याची परंपरा जुनी आहे. १८५४ मध्ये स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्यावर खुद्द नाइटिंगेलबाईंनी, डॉक्टर बोलावीपर्यंत आपल्या परिचारिकांना जखमींना हात लावू दिला नाही. ती त्यांची डावपेचाची गरज होती. लष्करी डॉक्टरांना या बायका नकोच होत्या. त्याच बाईंनी पुढे आकडेवारी मांडून ब्रिटिश सरकारला धारेवर धरले. पण तसबिरीला हार घालणाऱ्यांनी त्यांची आकडेवारी विसरून नेमका तो थांबून राहण्याचा आदेश तेवढा लक्षात ठेवला. आपल्याकडे त्यात जातीची भर पडली. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे हे ज्या समाजात विटाळाचे, तेथे हे काम धर्मांतरित ख्रिस्ती मुलींकडे आणि निराधार विधवांकडे ढकलले गेले. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून इस्पितळात मुलींना परिचर्येचे शिक्षण देण्याचा घाट घातला तेव्हा पुण्यातील प्रतिष्ठितांनी नाके मुरडली होती. १९४६ च्या भोर समितीने नोंदवले की ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकसंख्येमागे एक डॉक्टर होता, तर परिचारिका सुमारे ४३,००० मागे एक. ज्या देशाने आरोग्यसेवेची सुरुवातच अशी केली, तेथे परिचारिकेला डॉक्टरचा लांब झालेला हात समजले जावे, यात नवल नाही.

हाताला डोके असते हे मात्र लपत नाही. अमेरिकेत लेनर्ड स्टाइन या मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये ‘डॉक्टर-नर्स खेळ’ या नावाने एक लेख लिहिला. परिचारिकेने सल्ला द्यायचा, परंतु तो सल्ला आहे असे दिसू द्यायचे नाही. डॉक्टरने तो घ्यायचा, परंतु आपण मागितला होता असे भासू द्यायचे नाही, असा हा खेळ. आमच्या अपघात विभागांत तो अस्खलित मराठीत चालतो. “सर, मागच्या वेळी मोठे सर अशा पेशंटला अमुक द्यायचे,” असे सिस्टर म्हणतात आणि नवखा डॉक्टर, “हं, तेच द्या,” म्हणतो. वीस वर्षे अनुभव असलेल्या बाईला वीस महिने अनुभव असलेल्या मुलापुढे आपले ज्ञान दुसऱ्याच्या नावाने मांडावे लागते. ज्या रात्री खेळायला वेळ नसतो त्या रात्री रुग्ण मरतो, किंवा मेमो निघतो. या खेळाची दुसरी बाजू अधिक भयानक आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या हॉफ्लिंग यांच्या प्रयोगात अनोळखी ‘डॉक्टर’ने फोनवरून एका औषधाचा वीस मिलिग्रॅमचा डोस द्यायला सांगितले. बाटलीवर कमाल मात्रा दहा असे छापले होते. बावीस परिचारिकांपैकी एकवीस जणी ते द्यायला निघाल्या. वाटेत त्यांना थांबवण्यात आले. विचारण्याचा हक्क काढून घेतला की विचार करण्याची सवयही जाते. अशी परिचारिका रुग्णाला धोक्याची आणि डॉक्टरलाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. लसीकरणानंतर बाळाला तीव्र प्रतिक्रिया आली तर गावातील ए.एन.एम.ने स्नायूतून अ‍ॅड्रेनलिनचा एक डोस द्यावा, अशी मुभा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनीच दिली आहे. का? तर तेथे डॉक्टर नसतो आणि प्राण थांबत नाहीत. मग जिल्ह्याच्या इस्पितळात, डॉक्टर भिंतीपलीकडे हात अडकून उभा असताना, तिच्याहून अधिक शिकलेल्या अधिपरिचारिकेला तेच औषध का देता येऊ नये? याचे शास्त्रीय उत्तर नाही. उतरंडीचे उत्तर आहे.

आणि ही उतरंड कोणाच्या उपयोगी पडते? डॉक्टरच्या, असे परिचारिकांना वाटते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण दगावले. निलंबने वरपर्यंत झाली, हे खरे. पण भंडाऱ्यात फौजदारी गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर, आणि नगरमध्ये पोलिसांनी प्रथम अटक केली ती एक तरुण महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना. विजेच्या तारा कोणी ओढल्या, अग्निशमन यंत्रणेचे पैसे कोठे अडले, या प्रश्नांची उत्तरे देणारे त्या रात्री कामावर नव्हते. म्हणून ते सापडले नाहीत. नगरच्या गुन्ह्यात डॉक्टर आणि परिचारिका यांची नावे एका कागदावर आली. आयुष्यभर त्यांना वेगळे ठेवणारी व्यवस्था त्यांना जबाबदार धरताना भेद करीत नाही, एवढीच समता तिच्यापाशी आहे.

निवासी डॉक्टरांची स्थिती काय आहे? सलग बारा तासांहून अधिक काम नको, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, असे केंद्राच्या निवासी डॉक्टर योजनेत १९९२ पासून लिहिले आहे. ते कोठे पाळले जाते हे एखाद्या निवासी डॉक्टरला विचारून पाहावे; तो हसेल. तिसाव्या तासाला त्याच्या तोंडून जे अपशब्द निघतात ते वरिष्ठाकडे जात नाहीत, खाली उतरतात; सिस्टर ते मावशीवर आणि मावशी ते रुग्णाच्या म्हातारीवर उतरवते. आपल्यातील गरीब कार्यकर्त्यांनी परिचारिकांच्या तोंडचे फटके खाल्ले आहेत. त्यांचा राग मी खोटा म्हणत नाही. दोघींनाही रात्री पाठ टेकायला कडी लागणारी खोली मिळत नाही, हेही विसरू नये. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. मध्ये अरुणा शानभाग या परिचारिकेवर इस्पितळातच अमानुष हल्ला झाला आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत तिच्या सहकारी परिचारिकांनीच तिला सांभाळले. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर मध्ये ज्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, ती दीर्घ पाळीत विसावा घ्यायला सेमिनार हॉलमध्ये पडली होती. दोन घटनांत अर्धशतक गेले.

यावर एक आक्षेप हमखास येईल. तो आपल्या मित्रांतूनही येतो. आणीबाणीच्या प्रसंगी हुकूम एकाचाच हवा, तेथे लोकशाही काय कामाची? प्रश्न रास्त आहे. हृदय थांबलेल्या रुग्णाभोवती सभा भरवावी असे कोणी म्हणत नाही. पण हुकूम एकाचा असणे निराळे आणि जाणण्याचा हक्क एकाचा असणे निराळे. मँचेस्टरच्या डॉक्टर-परिचारिकांनी १९९४ पासून बसून ठरवलेल्या पद्धतीत, दारात आलेल्या रुग्णांपैकी कोणाला आधी पाहायचे, हे लेखी कसोट्यांनुसार परिचारिका ठरवते. त्यामुळे डॉक्टर दुबळा झाला नाही. त्याच्यावरील ओझे तेवढे कमी झाले. आधी शांतपणे बसून, दोघांच्या सह्यांनिशी ठरवलेला नियम हाच आणीबाणीतील खरा हुकूम असतो. ऐनवेळी दारातून ओरडलेला शब्द म्हणजे नियम नसल्याची कबुली आहे.

आता थोडे आपल्याविषयी. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका डॉक्टरला मारहाण झाल्यानंतर राज्यातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतातून पदे भरण्याच्या विरोधात संप केला. पहिल्या वेळी प्रशासनाने परिचारिकांच्या बळावर विभाग रेटले, दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या व विद्यार्थिनींच्या. दोन्ही वेळा आपल्या कामगार संघटनांनी पाठिंब्याची पत्रके काढली, दोन्ही वेळा निरनिराळी. दोघांना एका मंडपात बसवण्याचा प्रयत्न आपण केला नाही. डॉक्टर म्हणजे उद्याचा नर्सिंग होमचा मालक, असे आपण मनात धरले. काही होतातही. खाजगी इस्पितळांतील परिचारिकांना किती पगार असावा, हे केंद्राच्या समितीने २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सांगितले: पन्नासपेक्षा कमी खाटांच्या इस्पितळातही २०,००० रुपयांपेक्षा कमी नको. आपल्या तालुक्यातील नर्सिंग होममध्ये पांढरा कोट घातलेल्या मुलीला किती मिळतात आणि ती परिचारिका तरी आहे का, हे कार्यकर्त्यांनी विचारून घ्यावे. पण जिल्हा इस्पितळात तिसाव्या तासाला टाके घालणारा मुलगा आज मालक नाही. आज तो मजूर आहे आणि त्याला ते कोणी सांगितलेले नाही.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत आणि रुग्ण कल्याण समितीत आपले जे साथी आहेत त्यांनी पुढील बैठकीत हे मागावे. अपघात विभागात तोंडी दिलेला प्रत्येक आदेश परिचारिकेने वेळेसह नोंदवावा आणि पाळी संपण्यापूर्वी डॉक्टरने त्यावर सही केलीच पाहिजे. न केल्यास मेमो त्याला निघावा. तीव्र प्रतिक्रिया, झटके, थांबलेले हृदय अशा प्रसंगी कोणते औषध परिचारिकेने आदेशाविना द्यावे, याची यादी भिंतीवर लागावी आणि त्याखाली जिल्हा शल्यचिकित्सकाची सही असावी, म्हणजे जबाबदारी वर चढेल. मृत्यूची चौकशी डॉक्टर व परिचारिका यांच्या संयुक्त समितीपुढे व्हावी. अध्यापन इस्पितळात तीन रुग्णांमागे एक आणि अन्यत्र पाचांमागे एक परिचारिका, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. आपल्या इस्पितळात रात्री दोन वाजता ते किती भरते, हे मोजून यावे. कलम १०६ मधील सवलत परिचारिकांनाही लागू व्हावी, यासाठी आपल्या खासदारांनी दुरुस्ती मांडावी, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी तिला जाहीर पाठिंबा द्यावा, अशी विनंती घेऊन त्यांच्याकडे जावे. त्यातले काही जण दार बंद करतील.

त्या परिचारिकेने मेमोला खुलासा दिला आहे. मसुदा आमच्या कार्यालयात तयार झाला; तिने त्यातील आमची सगळी विशेषणे खोडून टाकली आणि वेळ, रक्तदाब व दिलेली मात्रा एवढेच ठेवले. खाली त्या डॉक्टरने स्वतःहून एक ओळ लिहून सही केली, की मी उपलब्ध असतो तर हाच आदेश दिला असता. प्रशासनाचे उत्तर आलेले नाही. ती कंत्राटी आहे. तिचा करार मार्चअखेर संपतो.